ज्येष्ठांच्या संस्थेसोबत संशोधन करायचं, तर आधी काय ठरवायचं?

प्रश्न पीएच.डी. करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टचा आहे. साठीच्या पुढच्या माणसांचं पडणं कमी व्हावं म्हणून तिनं तोल सांभाळण्याच्या व्यायामांचा १२ आठवड्यांचा कार्यक्रम बसवला आहे. ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडे ती गेली. पदाधिकाऱ्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, 'कळवतो' म्हणाले, आणि पुढे फोन उचलणं बंद झालं. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. संस्थेनं १२० जण मिळवून द्यावेत म्हणून तिला राजी कसं करायचं? तुलनेसाठी निम्म्या लोकांना व्यायाम मिळणार नाही, हे कसं सांगायचं? आणि या सगळ्याला वेळ किती धरायचा?

मी आधी काही वर्षं ज्येष्ठांच्या संस्थेत काम केलं आणि मग संशोधनाकडे वळले. त्यामुळे दोन्हीकडची गरज आणि दोन्हीकडची अडचण जवळून पाहिली आहे. जरा सविस्तरच लिहिते.

फोन का उचलला नाही, याचा अंदाज मला आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमचा प्रश्न ठरलेला होता, व्यायाम ठरलेले होते, आठवडे ठरलेले होते, मोजमापं ठरलेली होती. संस्थेच्या वाट्याला उरलं होतं ते माणसं गोळा करणं. संस्थेकडे असे लोक नेहमी येतात. कुणी प्रश्नावली घेऊन येतं, कुणी रक्ताचे नमुने घ्यायला येतं, आणि काम झालं की पुन्हा दिसत नाही. निकाल काय लागला, हे विचारणाऱ्या आजी-आजोबांना उत्तर द्यायला मागे राहतो तो संस्थेचा कार्यकर्ता. तेव्हा राजी कसं करायचं, हा विचार बाजूला ठेवा. त्याऐवजी एक प्रश्न घेऊन पुन्हा जा: अभ्यास संपल्यावर हे व्यायाम इथे कोण घेणार? माझ्या मते सगळी भागीदारी या एका प्रश्नावर उभी राहते, आणि तो पहिल्याच भेटीत विचारायचा असतो. त्याचं उत्तर तुमच्या विभागाकडे नसतं, ते संस्थेकडेच असतं.

हे मी केवळ सौजन्य म्हणून सांगत नाही, त्यामागे शास्त्रीय कारण आहे. व्यायामानं पडणं कमी होतं की नाही, हा प्रश्न आता फारसा खुला राहिलेला नाही. कॉक्रेन ही आधी झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून जास्त ज्येष्ठ होते. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी निघालं, आणि त्यातही तोल व रोजच्या हालचालींचे व्यायाम सर्वांत भरवशाचे ठरले. मग प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टनं खास नेमणुकीवर येऊन १२ आठवडे व्यायाम घेतले आणि तोल सुधारला, असं आणखी एकदा दाखवून हाती नवीन काय लागणार? जे अजून नीट कळलेलं नाही ते वेगळं आहे. साध्या हॉलमध्ये, साध्या प्रशिक्षणानं तयार झालेल्या माणसाच्या हाताखाली, वर्षभरानंतरही हा वर्ग भरतो का? भरत असेल तर कशामुळे? त्या प्रश्नावर संस्था तुमची खरीखुरी सहसंशोधक होऊ शकते, कारण वर्ग भरवणं हेच तिचं रोजचं काम आहे.

१२ आठवड्यांबद्दलही पुन्हा विचार करा. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात सत्तरीच्या पुढच्या ६७० जणांवर झालेल्या चाचणीत तोलासाठी खास बसवलेली ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे शिकवली गेली. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत त्या गटात पडणं ५८ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे सहा महिने सलग येणारी माणसं हवीत, आणि पुढेही चालू ठेवणारी हवीत, कारण व्यायाम सुटला की कमावलेला तोल हळूहळू जातो. सहा महिने माणसं कशानं टिकतात हे तुमच्या विषयाच्या पुस्तकात फारसं सापडणार नाही. संस्थेतल्या हजेरीवहीत ते सापडतं.

अशी जोडी जमली की काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेतल्या सिएटल शहराचं. तिथे १९९० च्या दशकात ज्येष्ठांना सेवा देणारी एक संस्था, वॉशिंग्टन विद्यापीठ आणि एक सहकारी आरोग्यसंस्था यांनी मिळून एक व्यायामवर्ग घडवला. तोच पुढे 'एन्हान्स फिटनेस' नावानं पसरला. आठवड्यातून तीन दिवस, एक तास: दम वाढवणं, ताकद, लवचिकता, तोल. तो पहिल्यापासून ज्येष्ठांच्या केंद्रातच रुजला, तिथल्याच जागेत, तिथल्याच वेळापत्रकात बसवलेला. म्हणून संशोधनाचा निधी संपल्यावर त्याला नवं घर शोधावं लागलं नाही. त्याच शहरातला 'पर्ल्स' हा नैराश्यावरचा कार्यक्रम पाहा. साठीच्या पुढच्या १३८ जणांवर त्याची चाचणी झाली आणि ती २००४ साली प्रसिद्ध झाली. ही माणसं बऱ्याच अंशी ज्येष्ठांना सेवा देणाऱ्या संस्थांमार्फतच मिळाली होती. घरी जाऊन, १९ आठवड्यांत ८ भेटींमध्ये, रोजच्या अडचणी सोडवण्याची पद्धत त्यांना शिकवली. ज्यांच्या नैराश्याची लक्षणं निम्म्यानं किंवा त्याहून जास्त उतरली, असे या गटात ४३ टक्के होते आणि नेहमीची सेवा मिळणाऱ्या गटात १५ टक्के. घराबाहेर पडणं सोडलेला माणूस दवाखान्यात येऊन 'मला उदास वाटतं' असं सहसा सांगत नाही. त्याच्या दारात आधीपासून जाणारं कुणीतरी लागतं, आणि ते संस्थेचं माणूस असतं.

आता पुन्हा भेटायला जाल तेव्हा स्लाइड्स नेऊ नका. विचारा: गेल्या वर्षात कोण कोण पडलं? कुठे पडलं, दिवसा की रात्री? त्यानंतर त्यांचं येणं थांबलं का? थांबलं असेल तर दुखण्यामुळे की भीतीमुळे? या गप्पांतून तुमचा अभ्यास बदलेल, आणि बदलायला हवा. बहुतेक ठिकाणी एक गोष्ट लगेच पुढे येते: जे केंद्रात येतात ते येऊ शकतात म्हणूनच येतात. पडण्याचा धोका ज्यांना सर्वांत जास्त, ते घरात आहेत. तुम्ही केंद्रातल्या १२० जणांवर अभ्यास केलात, तर निष्कर्ष तुलनेनं धडधाकट माणसांचे असतील. संस्थेला घरी अडकलेल्यांची नावं ठाऊक असतात. मात्र ती यादी तुमच्या हातात मागू नका. संस्थेच्या माणसानं आधी त्या घरी विचारावं आणि होकार आला तरच तुमचं नाव पुढे यावं. हे नीतिविषयक समितीला पटावं म्हणून करायचं नाही, ज्याचं नाव आहे त्याचा तो हक्क आहे.

लोक कशासाठी येतात, हेही विचारा. बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 'एक्स्पीरियन्स कोअर' या उपक्रमाचा अभ्यास केला. त्यात साठीच्या पुढची माणसं आठवड्याला किमान १५ तास प्राथमिक शाळेत मुलांना मदत करायची. संशोधकांना त्यांची हालचाल, स्मरण आणि लोकसंपर्क वाढायला हवा होता. ज्येष्ठ मात्र मुलांसाठी येत होते. 'पडू नये म्हणून या' या निमंत्रणाला प्रतिसाद कमी मिळतो, असं मला वारंवार दिसलं आहे, कारण आपण पडणाऱ्यांपैकी आहोत हे कुणालाच मान्य करायचं नसतं. वर्गाला काय नाव द्यायचं, कधी भरवायचा, नंतर गप्पांना अर्धा तास ठेवायचा का, हे तिथल्या ज्येष्ठांनाच ठरवू द्या. फक्त एक मर्यादा आधी आखून घ्या. कार्यक्रमाचा गाभा कोणता आणि बदलता येण्यासारखं काय, हे दोघांनी मिळून लिहून काढा. आधार सोडून उभं राहण्याचे व्यायाम आणि हळूहळू वाढवत नेलेली कठीणता हा गाभा. ते काढून सगळं खुर्चीत बसून करायचं ठरलं, तर वर्ग छान चालेल आणि पडणं कमी होणार नाही. तिथे तुम्ही ठाम राहायचं. संगीत, वेळ, जागा, क्रम यांत त्यांचं ऐकायचं.

मोजमापांबद्दल एक गोष्ट जवळून सांगते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, ही चाचणी तुम्ही वापरणारच. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. ती नेहमीच्या चालीनं करायची असते. पण हॉलमध्ये बाकीचे बाकांवर बसून बघत असले की शर्यत सुरू होते. आधीच्या माणसाचे सेकंद ऐकू आलेले असतात, मग पुढचा भरभर चालतो, वळताना भिंत धरतो आणि तुमच्या कागदावर मात्र उत्तम आकडा येतो. मी अशा वेळी कार्यकर्त्यांचं ऐकते. त्यांनी एकदा सुचवलं की चाचणी आतल्या खोलीत घ्या, आकडा मोठ्यानं म्हणू नका, आणि अमुक काकांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, तेव्हा उजवीकडे उभं राहून सूचना द्या. पाहुण्या संशोधकाला सूचना न ऐकू आलेला माणूस गोंधळलेला वाटतो आणि स्मरणशक्तीच्या रकान्यात चुकीची खूण होते. चाचण्या घ्यायला संस्थेतले दोघे-तिघे तयार करा. मात्र कोण कुठल्या गटात आहे हे ज्यांना माहीत नाही, त्यांच्याकडूनच अखेरची मोजमापं घ्या.

मनःस्थितीची प्रश्नावली जोडणार असाल तर त्याआधी थांबा. पीएचक्यू-९ या नेहमीच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो विचारणारी कदाचित संस्थेची स्वयंसेविका असेल. समोरच्या आजींनी 'जवळजवळ रोज' असं उत्तर दिलं तर तिनं त्या क्षणी काय करायचं? कुणाला फोन करायचा, आजींना एकटं सोडायचं की नाही, घरच्यांना सांगायचं तर कुणाच्या परवानगीनं? याची लेखी पायरीवार सूचना आणि त्या दिवशी फोन उचलणारा डॉक्टर ठरलेला नसेल, तर तो प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही. रक्तदाब १८०/१२० च्या वर निघाला तर काय, वर्गात कुणी पडलं तर काय, हेही त्याच कागदावर असू द्या. अडचणीचा प्रसंग आला की लोक संस्थेच्या दारात येतात, विद्यापीठाच्या नाही.

संमतीपत्र मोठ्या अक्षरात छापा, एका पानावर मुख्य गोष्टी येऊ द्या, आणि ते वाचून दाखवा. वाचल्यावर 'समजलं ना?' असं विचारू नका, होकारच येतो. 'तुम्हाला मध्येच सोडायचं असेल तर काय कराल?' असं विचारा. उत्तरावरून कळतं. सोबत आलेला मुलगा किंवा सून पटकन सही करायला सांगत असेल, तर कागद घरी न्यायला द्या आणि दुसऱ्या दिवशी सही घ्या. संस्थेच्या सचिवांसमोर 'नाही' म्हणणं अनेकांना जड जातं. म्हणून विचारणारं माणूस आणि केंद्रातल्या सोयी देणारं माणूस एकच नसावं.

आता निम्म्यांना व्यायाम न देण्याबद्दल. यावर संस्था आक्षेप घेईल, आणि तो योग्य आहे. रोज एकत्र बसणाऱ्यांपैकी अर्ध्यांना आत घ्यायचं आणि अर्ध्यांना दारातून परत पाठवायचं, हे ती करू शकत नाही, आणि तुम्ही तिला करायला लावूही नये. शिवाय ते शास्त्राच्या दृष्टीनंही टिकत नाही. एकाच केंद्रातली माणसं एकमेकांना व्यायाम शिकवतात, शिकवायलाच हवेत, आणि तुमचा तुलनेचा गट विरघळून जातो. त्यापेक्षा केंद्रं हे एकक धरा. सहा-आठ केंद्रं असतील तर कुठल्या केंद्रात आधी आणि कुठल्या केंद्रात नंतर, हे चिठ्ठी टाकून ठरवा, सगळ्यांच्या समोर. प्रशिक्षक तसेही एकदम सगळीकडे पुरणार नसतात, त्यामुळे क्रम लावावाच लागतो. तो वशिल्यानं न लागता चिठ्ठीनं लागला, हे लोकांना चटकन पटतं. शेवटी व्यायाम सगळ्यांना मिळतो. एकाच केंद्राचे लोक एकमेकांसारखे असतात, म्हणून अशा रचनेत माणसं जास्त लागतात. १२० पुरणार नाहीत, तेव्हा संख्याशास्त्रज्ञाला पहिल्या महिन्यातच गाठा. केंद्रं मोजकीच असतील, तर अभ्यासाचा प्रश्न 'पडणं किती कमी झालं' असा ठेवू नका. 'किती जण आले, किती टिकले, गाभा किती पाळला गेला' असा ठेवा. तोही पीएच.डी.ला पुरेल असा प्रश्न आहे.

पैशांचा विषय मराठी माणूस शेवटी काढतो, तुम्ही दुसऱ्याच भेटीत काढा. कार्यकर्त्यांचा वेळ, हॉल, प्रशिक्षकाचं मानधन, चालता न येणाऱ्यांच्या प्रवासाचा खर्च, फोन, झेरॉक्स हे सगळं अंदाजपत्रकात संस्थेच्या नावानं यायला हवं. 'त्यांचं तर सेवाभावी काम आहे' म्हणून तो रकाना रिकामा ठेवणं मला अजिबात मान्य नाही. संशोधन सहायकाला पगार आणि त्याच्याइतकंच काम करणाऱ्या कार्यकर्त्याला आभाराचं पत्र, ही भागीदारी नव्हे. सामंजस्य करार दोन-तीन पानांचा, पण स्पष्ट हवा. माहिती कुणाकडे राहील, नावं काढलेली प्रत संस्थेला मिळेल का, निकाल छापण्याआधी संस्थेला दाखवायला किती दिवस द्यायचे, लेखात कुणाची नावं येतील, मतभेद झाले तर कोण सोडवणार, हे सगळं त्यात यावं. एक कलम मी आग्रहानं घालते: निकाल नावडता निघाला तरी तो प्रसिद्ध होईल. संस्थेला आपली बाजू त्यासोबत मांडता येईल, पण थांबवता येणार नाही. हे आधी ठरलं नाही तर नंतर कटुता येते.

संस्थेचा हात धरला म्हणजे आपलं संशोधन आपोआप न्याय्य झालं, असं मात्र समजू नका. अमेरिकेत अलाबामा राज्यात १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं, टस्कीगी भागातल्या सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास चालला. त्यातल्या ३९९ जणांना तो आजार होता. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा उपचार हाती आल्यावरही तो त्यांना दिला गेला नाही. हा अभ्यास सरकारी आरोग्यखात्याचा होता, पण स्थानिक कृष्णवर्णीय संस्था त्यात सामील होती, आणि गावकऱ्यांना विश्वासाची वाटणारी, त्यांच्यातलीच एक परिचारिका त्यांना वर्षानुवर्षं तपासणीला आणत होती. विश्वास खरा होता, त्याचा वापर वाईट झाला. म्हणून मी ज्येष्ठांची एक वेगळी सल्लागार समिती मागते. तिच्यात सहा-सात ज्येष्ठ असावेत, संस्थेचे पदाधिकारी नसावेत, आणि घरी अडकलेल्यांपैकीही एक-दोघे असावेत, फोनवरून का होईना. संस्था ज्येष्ठांसाठी बोलते, पण दर वेळी ज्येष्ठांचंच बोलते असं नाही. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली नागरिक सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खाली नुसता देखावा, मध्ये सल्ला विचारणं, वर खरा अधिकार. तुमच्या समितीला एखादी गोष्ट थांबवण्याचा अधिकार आहे का, एवढं विचारलं तरी आपण कुठल्या पायरीवर आहोत ते कळतं.

अभ्यास सुरू झाल्यावर दोन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे गळती. या वयात आजारपण, मुलांकडे राहायला जाणं, जोडीदाराची शुश्रूषा, मृत्यू हे सगळं घडतं. जो गैरहजर राहिला त्याला त्याच आठवड्यात फोन जायला हवा, आणि तो फोन संशोधनाचा वाटण्याआधी विचारपूस वाटायला हवा. दुसरी अडचण म्हणजे ज्या कार्यकर्त्याच्या भरवशावर सगळं उभं आहे तो नोकरी बदलतो. प्रत्येक केंद्रात दोघांना प्रशिक्षण द्या, आणि ठरलेल्या गोष्टी संस्थेच्या कागदावर आणा, माणसाच्या डोक्यात ठेवू नका.

वेळेचं विचाराल, तर प्रस्ताव लिहिण्याआधीच सहा महिने ते वर्ष धरा. त्यात भेटी, वर्गाला नुसतं जाऊन बसणं, समिती, करार, प्रश्नावली दहा-बारा जणांसोबत वाचून पाहणं हे सगळं येतं. त्यानंतर नीतिविषयक मंजुरी, मग कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, मग एका केंद्रात लहानसा पूर्वअभ्यास, आणि मग मुख्य अभ्यास. पीएच.डी.च्या मुदतीत हे बसत नसेल, तर तुमच्या मार्गदर्शकांशी आत्ताच बोला आणि प्रबंध पूर्वअभ्यासापुरता ठेवा. शेवटचे तीन महिने निकाल परत देण्यासाठी राखून ठेवा: प्रत्येक केंद्रात एक सभा, प्रत्येकाला स्वतःच्या मोजमापांचं एक पान, आणि पुढे वर्ग घेणाऱ्या दोघांसोबत बसून पुढच्या सहा महिन्यांचं वेळापत्रक.

त्या संस्थेला आता फोन करू नका, प्रत्यक्ष जा. सकाळच्या वर्गाच्या वेळी जा, आणि पदाधिकाऱ्यांच्या आधी हजेरी घेणाऱ्या बाईंना भेटा. गेल्या वर्षभरात येणं कुणाचं थांबलं, हे त्यांना विचारा.